श्रुतिका, बालश्रोते आणि संगीत

नभोनाट्याला पडदा नाही, नेपथ्य नाही, नटाचा चेहराही नाही. जे काही आहे ते आवाजात. म्हणून संगीत हा तेथे अलंकार नसून नाट्याचा अवयवच ठरतो. श्रोता लहान मूल असेल आणि हेतू धर्मसंस्काराचा असेल, तर या अवयवावर दुहेरी भार पडतो. अमेरिकेतील दोन ख्रिस्ती बालकार्यक्रमांच्या आधारे या प्रश्नाचा थोडक्यात विचार करू.

पहिला 'ॲडव्हेंचर्स इन ओडिसी'. 'फोकस ऑन द फॅमिली' या संस्थेने तो १९८७ साली सुरू केला. ओडिसी हे काल्पनिक गाव. तेथील जॉन ॲव्हरी व्हिटेकर हे वडीलधारे गृहस्थ आइस्क्रीमचे दुकान चालवतात आणि मुलांना बायबलच्या शिकवणीकडे वळवतात. मालिकेच्या संगीतात जॉन कॅम्बेल यांचा वाटा मोठा आहे. येथे संगीत बहुधा शब्दांवाचून बोलते. प्रसंग बदलला की लहानसा स्वरखंड पडद्याचे काम करतो. संकट जवळ आले की सूर आधी गंभीर होतो.

दुसरा 'पॅच द पायरेट'. रॉन हॅमिल्टन या संगीतकाराचा डावा डोळा १९७८ साली कर्करोगामुळे गेला. डोळ्यावरची पट्टी पाहून मुले त्यांना चाचा म्हणू लागली. त्यांनी तेच नाव आनंदाने स्वीकारले आणि गीतकथा रचल्या. २०२३ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या कथांत शिकवण गाण्यातून येते. कथा संपते, गाणे मुलाच्या ओठांवर राहते.

पहिल्या पद्धतीत मूल ऐकते, दुसरीत ते गातेही. दोहोंत धोका आहे. पार्श्वसंगीत मुलाने विचार करण्यापूर्वीच त्याला काय वाटावे हे सुचवते. उलट पाठ झालेले गाणे न उमजताही म्हटले जाते. तरीही गाणारे मूल पुढे कधीतरी आपल्याच शब्दांकडे वळून पाहील, ही आशा दुसऱ्या पद्धतीत अधिक आहे.

आणखी एक वाद आहे. हॅमिल्टन यांचे सासरे फ्रँक गार्लॉक यांचा रॉक संगीताला कडवा विरोध होता. शब्द पवित्र असले तरी चाल अपवित्र असू शकते, अशी त्यांची भूमिका. पण चालीचे पावित्र्य चालीत असते, की ऐकणाऱ्याच्या कानात? आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी ख्रिस्तभक्तीसाठी भजन-कीर्तनाचा देशी बाज स्वीकारला. मराठी कानांना भक्ती त्याच सुरांतून ओळखीची होती. चालीचा अर्थ समाजाच्या सवयीतून घडतो, असे यावरून म्हणता येईल.

म्हणून बालकार्यक्रमाचे संगीत पारखताना ते पवित्र आहे का, एवढेच विचारून भागणार नाही. ते मुलाला विचार करायला जागा ठेवते का, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.