रिकाम्या चौकटीवरची सही

आमच्या टपाल-तिकीट संग्राहकांच्या मंडळात देवघेवीच्या वह्या फिरविण्याची जुनी वहिवाट होती. सभासदाने आपली जादा तिकिटे वहीत किंमत लिहून लावावी, वही क्रमाने घरोघर जावी, आणि ज्याला जे तिकीट हवे असेल त्याने ते काढून घेऊन रिकाम्या चौकटीत सही करावी, असा तो केवळ विश्वासावर चालणारा व्यवहार होता. आणि चिटणीस या नात्याने त्या विश्वासाची राखण माझ्याकडे होती.

15 ऑगस्ट 1948 रोजी निघालेल्या, स्वित्झर्लंडमध्ये छापलेल्या गांधीजींच्या चार तिकिटांपैकी बारा आण्यांचे एक निर्दोष कोरे तिकीट अशाच वहीतून परत आले, ते पाठीचा कागद सोललेले. काळ्या बशीत ते पालथे ठेवून वर बेंझिनचे थेंब टाकताच सोललेला भाग काळसर उमटला, आणि तिकीट बदलले गेले हे निःसंशय झाले. संशय ज्यांच्याकडे जात होता ते गृहस्थ ज्येष्ठ होते, सभेसाठी आपला दिवाणखाना विनामूल्य देत होते. म्हणून मी भिडेपोटी चौकशी तहकूब ठेवली, आणि कुजबुज वळली ती वहीच्या क्रमात त्यांच्यानंतर असलेल्या एका विद्यार्थ्याकडे. त्याने मुकाट्याने राजीनामा दिला. पुढे आणखी दोन वह्यांत तेच घडले, तेव्हा तो क्रमात कोठेच नव्हता.

म्हणून ज्यांच्या हाती अशा मंडळांचा कारभार आहे त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की, वही हाती येताच प्रत्येकाने ती तपासून नोंदवहीत तारखेसह सही करावी, म्हणजे खोट कोणत्या दोन घरांमध्ये शिरली हे आपोआप कळते. तक्रार लेखी घ्यावी, ती संबंधितास दाखवून त्याचा जबाब घ्यावा, आणि ज्याच्यावर त्याचे उपकार आहेत अशा कोणासही चौकशीस बसवू नये. मी बसलो होतो. नवशिक्याच्या हातून तिकीट सोडविताना फाटते, तो अपराध नव्हे, त्याला शिकवावे. परंतु हेतू सिद्ध झाल्यावर भरपाई वसूल करून, मानमरातब न पाहता, ठरावाने सभासदत्व रद्द करावे. आणि ज्याच्यावर विनाकारण संशय फिरला त्याचे निर्दोषत्व त्याच सभेत, त्याच दप्तरात नोंदवावे. आम्ही ते दोन वर्षांनी नोंदविले, तेव्हा तो विद्यार्थी गाव सोडून गेलेला होता.