अरण्याची सफर

‘सफर’ हा शब्द तुमच्या परिचयाचा आहे. मूळचा तो अरबी. फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि येथेच स्थिरावला. ‘मुसाफिर’ हा त्याचाच भाईबंद. हाच अरबी शब्द आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पोहोचला आणि तेथील स्वाहिली भाषेत ‘सफारी’ झाला. स्वाहिलीत सफारी म्हणजे प्रवास, एवढेच. पुढे युरोपीय शिकारी बंदुका घेऊन आफ्रिकेच्या रानांत हिंडू लागले, तेव्हा त्यांच्या मोहिमांना हे नाव चिकटले. आता बहुतेक ठिकाणी बंदुकीची जागा दुर्बिणीने व कॅमेऱ्याने घेतली आहे. शब्द तोच राहिला. त्यामागील हेतू मात्र पालटला.

अशी सफर आखावयाची तर आरंभ कोठून करावा? इतर प्रवासांत आपण आपली सोय पाहतो. सुट्टी केव्हा, गाडी कोणती, मुक्काम कोठे, हे ठरले की झाले. अरण्याच्या प्रवासात मात्र आपल्या सोयीला दुसरे स्थान असते. लग्नाला निघालेले वऱ्हाड जसे यजमानाच्या घरचा मुहूर्त पाहून निघते, तसे अरण्यात जाणाऱ्यानेही अरण्याचा मुहूर्त पाहावा लागतो.

आफ्रिकेतील एक उदाहरण घेऊ. टांझानिया देशात सेरेंगेटी नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. त्याची स्थापना १९५१ साली झाली. तेथील विस्तीर्ण गवताळ प्रदेशात ‘नू’ नावाचे दहा लाखांहून अधिक प्राणी राहतात. पाऊस जेथे पडेल व गवत जेथे उगवेल, तेथे त्यांचे कळप चालत जातात. जानेवारी ते मार्च या काळात ते दक्षिणेकडील आखूड गवताच्या माळावर असतात. तेथेच त्यांची वासरे जन्मतात. जुलैनंतर ते उत्तरेस, केनियातील मासाई मारापर्यंत पोहोचतात आणि मगरींनी भरलेली मारा नदी पोहून जातात. ते नदी ओलांडताना पाहावयाचे, म्हणून कोणी फेब्रुवारीत माराच्या तीरी जाऊन बसेल, तर त्याला केवळ पाणीच दिसेल. त्याचा पैसा खरा, हौसही खरी. परंतु त्याने पंचांग स्वतःचे पाहिले, नूंचे पाहिले नाही! शिवाय परदेशी जावयाचे म्हणजे पारपत्र हवे, प्रवेशपत्र हवे. केनियासारख्या देशातून भारतात परतणाऱ्याजवळ पीतज्वराची लस टोचून घेतल्याचे प्रमाणपत्र असावे लागते, आणि ती लस निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. म्हणजे तयारीचे पहिले पाऊल कित्येक आठवडे अगोदर टाकावे लागते.

आफ्रिका दूर आहे. पण सफरीची सारी तत्त्वे शिकता येतील असे अरण्य आपल्याच राज्यात आहे. लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळच्या मुलामुलींनी चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा पाहण्याचे ठरविले आहे, असे समजा. लातूर जिल्ह्यात शंभर एकर भूमीमागे एक एकरही अरण्य नाही. ज्यांच्या डोळ्यांना काळ्या रानाची, ज्वारीच्या ताटांची व सोयाबीनच्या शेतांची सवय, त्यांना सागाचे व बांबूचे घनदाट वन हीच एक नवी सृष्टी वाटेल.

प्रथम नकाशा उघडावा. शिरूर अनंतपाळहून ईशान्येस नांदेड. नांदेडहून मुदखेड, किनवट, आदिलाबाद, वणी असा लोहमार्ग विदर्भात शिरतो. आदिलाबादच्या पुढे पैनगंगा ओलांडली की आपण पुन्हा महाराष्ट्रात येतो, कारण मधला काही भाग तेलंगण राज्याचा आहे. पुढे चंद्रपूर. तेथून ताडोब्याचे मोहर्ली हे प्रवेशद्वार सुमारे ३० किलोमीटर अंतरावर आहे. कोलारा, नवेगाव, खुटवंडा, झरी अशी आणखीही द्वारे आहेत. कोणत्या द्वारातून जावयाचे हे आधी ठरवावे, कारण परवाना त्या त्या द्वाराचा मिळतो, आणि एका द्वारापासून दुसरे पुष्कळ दूर आहे.

मग त्या स्थळाचा इतिहास जाणून घ्यावा. तारू नावाचा एक गोंड प्रमुख वाघाशी झुंजताना मरण पावला आणि लोकांनी त्याला देव मानले, अशी कथा तेथे सांगतात. तलावाकाठी त्याचे स्थान आहे. ताडोबा हे नाव त्याच्यावरूनच पडले, असे मानतात. या रानात १९३५ साली शिकारीस बंदी झाली. १९५५ साली ताडोबा हे राष्ट्रीय उद्यान झाले. महाराष्ट्रातील हे सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान होय. शेजारी अंधारी नदीच्या नावाचे अभयारण्य १९८६ साली निर्माण झाले, आणि पुढे १९९५ साली दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचा गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटरांचा आहे.

आता मुहूर्ताचा प्रश्न. पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, गाभा क्षेत्र प्रवाशांसाठी बंद असते. मातीच्या वाटा चिखलाने भरतात, आणि वन्य जीवांनाही निवांतपणा लाभतो. आठवड्यातून मंगळवारी उद्यान बंद असते. मेमध्ये पाने गळून रान विरळ होते, प्राणी पाणवठ्यावर येतात व सहज दिसतात. परंतु चंद्रपूरकडे तेव्हा पारा ४५ अंशांपलीकडेही जातो. मुलांना डिसेंबर किंवा जानेवारी अधिक बरा. गवत तेव्हा उंच असते, प्राणी कमी दिसतात. पण पहाटेच्या धुक्यातले रान व तलावावरचे पक्षी पाहण्यासारखे असतात. नियम कधी कधी बदलतात. म्हणून निघण्यापूर्वी वनविभागाकडून ते पुन्हा पडताळून घ्यावेत.

परवाना पुष्कळ आधी काढावा. सकाळी एक व दुपारी एक अशा दोन फेऱ्या असतात, आणि प्रत्येक फेरीस ठरावीक गाड्याच आत सोडतात. ‘आम्ही एवढ्या लांबून आलो, आणखी एक गाडी सोडली तर काय बिघडेल?’ असे कोणी म्हणेल. परंतु असे म्हणणारे पन्नास जण आले तर? मग एका वाघाभोवती पन्नास गाड्यांचा वेढा पडेल, आणि त्याला स्वतःच्या घरात रस्ता ओलांडता येणार नाही. परवान्यावर ज्यांची नावे आहेत, त्यांनी आपले मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे.

सामान थोडे असावे. उघड्या गाडीत, जिला तेथे ‘जिप्सी’ म्हणतात, पहाटेचा वारा अंगाला झोंबतो. म्हणून स्वेटर, कानटोपी हवी. कपडे मातकट, खाकी किंवा फिक्या हिरव्या रंगाचे असावेत. पाण्याची बाटली, दुर्बीण, छोटी वही व पेन्सिल घ्यावी. अत्तर लावू नये. खाऊचे पुडे मुक्कामीच ठेवावेत. वाऱ्याने उडालेला प्लास्टिकचा एक तुकडा चितळाच्या पोटात गेला तर त्याच्या जिवावर बेतू शकते.

एवढी तयारी पैशाने व यादीने होते. खरी तयारी डोळ्यांची आणि कानांची. ती गावातच करावी लागते, आणि तिला काही मोल पडत नाही.

घरणी नदीच्या काठी किंवा शेताच्या बांधावर सकाळी जा. धुळीत कुत्र्याचे व मांजराचे पाऊल शेजारी शेजारी शोधा. कुत्र्याच्या पावलापुढे नखांच्या खुणा दिसतात. मांजर चालताना नखे आत ओढून घेते, म्हणून तिच्या पावलापुढे त्या दिसत नाहीत. वाघ हा मांजराच्याच कुळातला. मांजराचे पाऊल ज्याने नीट पाहिले आहे, त्याला ताडोब्याच्या वाटेवरील वाघाचा माग ओळखता येईल. आपल्या जिल्ह्यातील माळांवर काळविटांचे कळप आढळतात. ते दिसले तर जवळ जाऊ नका, दुरून पाहा. कळप चरत असता एखादे काळवीट मान वर करून का उभे राहते, याचा विचार करा.

हाच विचार पुढे अरण्यात उपयोगी पडतो. वानरे झाडावर बसून पाला खातात व बराचसा खाली टाकतात. खाली चितळे तो वेचतात. वानराची नजर दूरवर पोहोचते, चितळाचे नाक तीक्ष्ण असते. वाघाची चाहूल लागली की वानर खोकल्यासारखा आवाज काढते, चितळ शिटीसारखे ओरडते, भेकर भुंकते. सांबर ओरडले की वाटाड्याची खात्री पटते, कारण ते सहसा उगाच ओरडत नाही. ही अरण्याची भाषा होय. जो गाडीत मोठ्याने बोलतो, त्याला ती ऐकू येत नाही.

अरण्याचे नियम थोडेच आहेत: गाडीतून उतरू नये, आरडाओरड करू नये, प्राण्यास खाऊ घालू नये, वाटाड्याचे ऐकावे. हे नियम कोणाच्या जिवावर पाळले जातात, हेही आपणांस ठाऊक असावे. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोब्यात व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी वाघाच्या खुणा शोधीत असता एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. आपण गाडीत सुरक्षित बसून जे रान पाहतो, ते रान असे लोक ऊन-पावसात पायी राखतात.

दुसरीही गोष्ट आहे. नवेगाव, जामणी अशी काही गावे पूर्वी गाभ्यात नांदत होती. ती बाहेर वसविण्यात आली. जेथे आज गवताळ माळावर चितळे चरतात, तेथे कधी काळी कोणाची चूल पेटत होती, कोणाच्या दारात तुळस होती. चंद्रपूर जिल्ह्यातील शेतकरी व मोहफुले, तेंदूपाने वेचणारी माणसे आजही वाघाच्या शेजारी राहतात. त्यांतील काहींचा हल्ल्यांत बळी जातो. २००६ च्या गणनेत महाराष्ट्रात १०३ वाघांचा अंदाज होता; २०२२ च्या गणनेत तो ४४४ झाला. ही वाढ आनंदाची आहे. परंतु तिची किंमत आपण शहरांत वा दूरच्या खेड्यांत राहून दिलेली नाही. ती अरण्यालगतच्या गावांनी दिली आहे. म्हणून आपला वाटाड्या त्याच गावांतील असेल तर त्याच्याशी आदराने बोलावे, त्याच्या घराची, शेताची विचारपूस करावी. वाघाइतकेच तोही आपल्याला पुष्कळ शिकवील.

आणि इतके करूनही वाघ दिसला नाही तर? तसे पुष्कळांचे होते. वाघाने आपणांस भेटीचे वचन दिलेले नसते. अशा वेळी वाटाड्यावर रुसू नये, गाडी भरधाव पळविण्याचा हट्ट धरू नये. वाघ दिसला नाही म्हणजे तो नव्हता असे नव्हे. वाटेवरचा ताजा माग, झाडाच्या सालीवरील नखांचे ओरखडे, एकदम स्तब्ध झालेली चितळे, ही सारी त्याचीच पत्रे असतात. ती वाचता आली, तर प्रवास वाया गेला नाही.

परतल्यावर प्रत्येकाने वहीत चार रकाने आखावेत: काय पाहिले, काय ऐकले, काय ओळखता आले नाही, आणि ते कोणाला विचारावयाचे. तिसरा रकाना सर्वांत लांब झाला, तर आनंद मानावा. पुढच्या सफरीचे कारण त्या रकान्यातच आहे.

स्वाध्याय

१. ‘सफर’ व ‘सफारी’ या शब्दांचे नाते स्पष्ट करा.
२. ‘त्याने पंचांग स्वतःचे पाहिले, नूंचे पाहिले नाही’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
३. एका फेरीस ठरावीक गाड्याच आत सोडण्याचे कारण कोणते?
४. वाघांची संख्या वाढण्याची किंमत कोणी दिली, असे लेखक म्हणतो? त्यावर तुमचे मत दहा ओळींत लिहा.
५. तुमच्या गावाभोवतीच्या माळाला किंवा ओढ्याला भेट द्या आणि पाठात सांगितल्याप्रमाणे चार रकान्यांची नोंद करा.