हाली रुपयावरील उभार रेघ

आजीच्या गाठोड्यात निजामाचे काही हाली रुपये होते. बीड जिल्हा १९४८ पर्यंत त्या राज्यात असल्याने इकडील जुन्या घरांतून ते आढळतात. हे यंत्रावर पाडलेल्या चारमिनार-छाप रुपयाच्या आधीचे, हाताने ठोकलेले. पैकी दोहोंवर एकसारखी बारीक रेघ पाहून एका सराफाने ‘हे ओतीव, म्हणजे खोटे’ असे सांगितले. आजी ते मोडीत देण्यास निघाली. मी भिंग घेऊन बसलो.

टांकसाळीत चांदीची चकती दोन ठशांमध्ये ठेवून वरून घण मारीत. ठशातील अक्षरे उलटी व खोल कोरलेली असतात, म्हणून नाण्यावर ती सुलटी व उभार उमटतात. घाव सोसून ठशाला चीर पडली की तिच्यातही चांदी शिरते आणि नाण्यावर उभार रेघ उठते. उलट, मागाहून पडलेला ओरखडा किंवा सराफाची टोच खोल असते. नखानेदेखील हा फरक कळतो. आमची रेघ उभार होती.

पण ओतीव नकलेतही अशी रेघ उतरेल, ही शंका रास्तच. तिचे उत्तर कडेला मिळाले. ठसा चकतीहून मोठा असल्याने मजकुराचा काही भाग नेहमी बाहेर राही. एका रुपयावर ‘हैदराबाद’ अर्धेच आले होते. दुसऱ्यावर ते पूर्ण असून ‘फर्खुंदा बुन्याद’ कापले गेले होते. एकाच नाण्यावरून ओतलेल्या नकलांत असे होत नाही. ठसा एक, घाव दोन. शिवाय दुसऱ्यावरची रेघ अधिक लांब होती, म्हणजे तो नंतर ठोकलेला.

आजीने दोन्ही रुपये परत गाठीला मारले.