तपासण्या चांगल्या, मग गुडघा का सुजतो?

प्रश्न : आम्ही मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत राहतो. नऊ वर्षांच्या मुलाचा एकच गुडघा वर्षभर सुजतो, उतरतो, पुन्हा सुजतो. ‘लाइम’ची आणि संधिवाताची रक्ततपासणी चांगली आली. आता डॉक्टर ‘आत गाठ असेल, एमआरआय करू’ म्हणतात. गाठ म्हणजे कॅन्सरच ना?

उत्तर : नाही. मुलांच्या सांध्याच्या अस्तरात होणाऱ्या अशा गाठी मुळात विरळा, आणि त्यांतल्या बहुतेक साध्या असतात.

आधी लाइम का तपासलं? तुमच्याकडच्या रानात हा आजार पसरवणाऱ्या गोचिडी आहेत. 1975च्या सुमारास कनेक्टिकटमधल्या लाइम गावात मुलांचे गुडघे असेच सुजत होते आणि त्याला बालसंधिवात म्हटलं जात होतं. आयांनी लावून धरलं, म्हणून खरं कारण सापडलं.

आता मूळ कोडं. सांध्याचं अस्तर वंगण तयार करतं. ते चिडलं की वंगण वाढतं. यालाच आपण ‘गुडघ्यात पाणी झालं’ म्हणतो. त्या अस्तरात कधी रक्तवाहिन्यांचा गुंता असतो, हिमँजिओमा. खेळताना जरा धक्का लागला की त्यातून सांध्यात रक्त झिरपतं आणि सूज येते. रक्त जिरलं की ती उतरते. दोष एवढ्याशा जागेत असल्याने रक्ताचे अहवाल चांगले येऊ शकतात. (बालसंधिवातातही ते चांगले येऊ शकतात, तेव्हा तेवढ्यावरून तोही निकाली निघत नाही.) एक्सरेत मुख्यतः हाडं दिसतात, अस्तर नाही.

एमआरआयमध्ये मात्र अस्तर दिसतं. रक्तवाहिन्यांचा गुंता काही चित्रांत उजळ दिसतो. अस्तराला चरबीचे झुपके फुटले असतील, तर ते चरबीसारखेच दिसतात. अस्तराच्या आणखी एका गाठीत जुन्या रक्तातलं लोह साठून काळे डाग उमटतात. तरी शंका उरली, तर तुकडा काढून तपासतात. सुईने काढलेलं पाणी रक्ताळ निघालं, तर रक्त गोठण्याची तपासणीही हवीच.

‘वाढीचं दुखणं आहे, जाईल’ असं कुणी म्हटलं तरी थांबू नका. त्या दुखण्यात सांधा सुजत नाही. सांध्यात वारंवार रक्त साचलं तर कूर्चा झिजते. निदान होईपर्यंत गुडघ्याला जोराचं मालीशही नको.

भारतात राहून आला असाल किंवा घरात कुणाला क्षय झाला असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. क्षयानेही एकच गुडघा महिनोन्‌महिने सुजू शकतो. आणि ताप आला, गुडघा लाल-गरम झाला किंवा मुलाला पाय टेकवेना, तर एमआरआयच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.