श्वान, मार्जार आणि मानवी औषधे

चिकित्सालयात रुग्ण तपासून झाला की जाता जाता एक प्रश्न हमखास येतो : ‘वैद्यराज, आमच्या कुत्र्यालाही थोडे औषध सांगा ना!’ पूर्वी आम्हीही मात्रा घटवून काहीबाही सांगत असू. एका प्रसंगाने ही सवय सुटली. आमच्या एका रुग्णाने मांजराचे अंग तापले म्हणून औषधाच्या दुकानात विचारले. ‘लहान जीव आहे, अर्धी गोळी द्या’ असे उत्तर मिळाले. पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधातून दिली गेली. दुसऱ्या दिवशी ते काढा विचारण्यासाठी आमच्याकडे आले, तेव्हा मांजराच्या हिरड्या तपकिरी झाल्या होत्या, तोंड सुजले होते व धाप लागली होती. आम्ही तत्काळ पशुवैद्यकाकडे पाठविले. परंतु मांजर वाचले नाही.

येथे चूक केवळ मात्रेची नव्हती. ५०० मि.ग्रॅ.ची अर्धी गोळी चार किलोच्या मांजरास म्हणजे दर किलोस ६० मि.ग्रॅ.हून अधिक होते, हे खरे. तथापि मार्जारास या औषधाची सुरक्षित मात्राच नाही. मनुष्याचे यकृत हे द्रव्य ज्या ग्लुक्युरॉनिडेशन क्रियेने निरुपद्रवी करते, ती क्रिया मांजरात अत्यंत दुर्बल असते. परिणामी रक्तातील हिमोग्लोबिन बिघडून प्राणवायू वाहून नेण्यास असमर्थ होते. कुत्र्यांत मोठ्या मात्रेने यकृतास इजा होते. तर आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी जठरव्रण व वृक्कविकार संभवतात.

आपली औषधेही निर्दोष समजू नयेत. लसूण व कांदा श्वान-मार्जारांच्या रक्तकणांचा नाश करतात. म्हणून लशुनादि वटी वर्ज्य. द्राक्षे व मनुका कुत्र्यांच्या वृक्कांस घातक ठरू शकतात, आणि आसवारिष्टांत मद्यांशही असतो. म्हणून द्राक्षासव देऊ नये. त्रिभुवनकीर्तीसारख्या वत्सनाभयुक्त कल्पांचा तर विचारही नको. गंधपुरा तेल किंवा कापूरयुक्त मलम बाहेरून लावले तरी मांजर अंग चाटते, म्हणजे ते पोटातच जाते. ‘शुगर-फ्री’ पाकांतील झायलिटॉल कुत्र्यांची रक्तशर्करा वेगाने खाली आणते.

आपल्या परंपरेस हा जातिभेद नवा नाही. पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद गजांसाठी स्वतंत्रपणे रचला गेला. अश्वचिकित्सेसाठी शालिहोत्राची परंपरा निराळी. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात हत्ती, उंट, गाय, घोडा इत्यादींच्या बस्तीचा विचार करताना द्रव्ये व प्रमाण प्राण्यागणिक वेगळे सांगितले आहे. ‘मनुष्यास हितकर ते सर्वांस हितकर’ असे शास्त्र म्हणत नाही.

कायद्याची बाजूही ध्यानात असावी. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये पशुचिकित्सा हा नोंदणीकृत पशुवैद्यकाचा अधिकार आहे. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर २००६ साली बंदी आली, ती मृत जनावरे खाणारी गिधाडे मरू लागल्यामुळे. अयोग्य औषधाचा परिणाम एका जीवापुरता थांबतोच असे नाही, हे यातून दिसते.

वैद्यबंधूंनी व औषधविक्रेत्यांनी पुढील पथ्य पाळावे, ही विनंती :

१. प्राण्यासाठी औषध मागितल्यास पशुवैद्यकाची चिठ्ठी विचारावी. ‘अर्धी द्या’ हे शब्द उच्चारू नयेत.

२. औषध आधीच दिले असल्यास त्याचे नाव, मात्रा, वेळ व प्राण्याचे वजन लिहून, वेष्टनासह तत्काळ पशुवैद्यकाकडे पाठवावे. पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे. मात्र तो लवकर मिळाला तरच उपयोगी पडतो.

३. मीठ घालून वमन करविणे, दूध पाजणे असे घरगुती उपाय सांगू नयेत.

४. जवळच्या पशुवैद्यकाचा दूरध्वनी क्रमांक दुकानात व चिकित्सालयात दर्शनी लावावा.

मुक्या जीवास आपली व्यथा सांगता येत नाही. म्हणून त्याच्या वतीने ‘हे औषध नको’ असे सांगणे, हेही वैद्यकर्मच होय.