मुलांचा छापखाना

प्रस्तावना

शाळेतील मुले निबंध लिहितात, तो बहुधा शिक्षकांनी तपासावा म्हणून. गुण मिळाले की त्या लेखनाचे काम संपते. फ्रान्समधील सेलेस्तँ फ्रेने या प्राथमिक शिक्षकाने मात्र मुलांच्या लेखनाला खरे वाचक मिळवून दिले. त्यासाठी त्यांनी वर्गात छापखाना आणला. पुढे याच छापील पानांवरून त्यांच्यावर शाळा सोडण्याची वेळ आली. प्रस्तुत पाठात त्यांच्या कार्याचा परिचय करून दिला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यावर तुम्हांला
१. फ्रेने यांच्या अध्यापनपद्धतीची वैशिष्ट्ये सांगता येतील;
२. शाळा आणि गाव यांच्यातील नाते स्पष्ट करता येईल;
३. परिसरातील व्यवसायाची माहिती मिळवून ती शब्दबद्ध करता येईल.

मूळ पाठ

सेलेस्तँ फ्रेने यांचा जन्म १८९६ साली आग्नेय फ्रान्समधील गार या डोंगराळ खेड्यात झाला. घर शेतकऱ्याचे. नीस येथे ते शिक्षकाचे प्रशिक्षण घेत होते, तेव्हा पहिले महायुद्ध सुरू झाले. त्यांना सैन्यात जावे लागले आणि १९१७ साली आघाडीवर त्यांच्या फुफ्फुसाला गंभीर जखम झाली. दीर्घ उपचारांनंतर १९२० साली ते बार-स्यूर-लू या गावच्या प्राथमिक शाळेत रुजू झाले. पण थोडे बोलले तरी त्यांना धाप लागे. तासन्‌तास बोलत राहणे हीच जेव्हा अध्यापनाची रीत होती, तेव्हा शिक्षकाच्या दृष्टीने हे मोठेच वैगुण्य होते.

या अडचणीतूनच त्यांना नवी वाट सापडली. ते मुलांना घेऊन शाळेबाहेर पडू लागले. शेते, नदीकाठ, सुताराचे दुकान, विणकराचा माग हीच मुलांची शाळा झाली. मुले कारागिरांचे काम न्याहाळत आणि त्यांना प्रश्न विचारत. वर्गात परतल्यावर ती पाहिलेले सांगत आणि फ्रेने ते फळ्यावर लिहीत. हा मजकूर मुले उत्साहाने वाचत, कारण तो त्यांचा स्वतःचा होता. एकदा तर मुलांनी वर्गातच गोगलगायींची शर्यत लावली. फ्रेने यांनी मुलांना रागावण्याऐवजी त्या शर्यतीचाच पाठ केला.

परंतु फळा पुसला की सारे नाहीसे होई आणि पुन्हा पाठ्यपुस्तक उघडावे लागे. त्यातील जग मुलांना परके वाटे. मुलांचे शब्द टिकले पाहिजेत, या विचाराने फ्रेने यांनी १९२४ च्या सुमारास एक लहानसा हातछापखाना मिळवला. आता एकेक अक्षराचा खिळा उचलून मुले ओळ जुळवू लागली. खिळ्यावरील अक्षर उलटे असते; म्हणून प्रत्येक शब्द नीट पाहावा लागे. एक खिळा चुकला, तर ती चूक प्रत्येक प्रतीत उमटे. त्यामुळे शुद्धलेखनाची गरज मुलांना आपोआप पटली. कोणी खिळे जुळवी, कोणी शाई लावी, कोणी कागद वाळत घाली. एकट्याने पुरे होणारे हे काम नव्हते.

छापलेली पाने वाचणार कोण? त्याच सुमारास फ्रान्सच्या दुसऱ्या टोकाला, ब्रिटनी प्रांतातील त्रेगँ या गावी, रने दानिएल हे शिक्षकही असाच प्रयोग करू लागले. दोन्ही शाळांमध्ये पानांची देवाणघेवाण सुरू झाली. एक गाव भूमध्य समुद्राजवळच्या डोंगरातले, तर दुसरे अटलांटिक महासागराच्या काठचे. आपल्या गावात जे रोज दिसते, ते दूरच्या मित्राला ठाऊक नसते, हे मुलांच्या लक्षात आले. मग ते समजावून सांगण्यासाठी आधी स्वतः नीट समजून घेणे भाग पडले. वडीलधाऱ्यांना विचारावे, मोजमाप घ्यावे, मग लिहावे, असा क्रम रूढ झाला.

हळूहळू इतर शाळांतील शिक्षकही या चळवळीत आले. त्यांनी सहकारी संस्था स्थापन केली. १९३२ पासून मुलांना स्वतः अभ्यास करता यावा म्हणून लहान पुस्तिकांची एक माला निघू लागली. अशा वर्गांत भिंतीवर एक कागद लावलेला असे. काय खटकले, कोणाचे कौतुक वाटते, काय हवे आहे आणि काय पुरे केले, हे मुले त्यावर लिहीत. सभेत त्या नोंदींवर चर्चा होई. वर्गाचा कारभार चालवण्यात मुलांचाही वाटा असे.

१९२८ साली फ्रेने सँ-पोल या गावी आले. तेथील शाळेच्या अस्वच्छ इमारतीविषयी त्यांनी तक्रार केली आणि गावातील वजनदार मंडळींचा रोष ओढवून घेतला. अशातच एका मुलाने आपले स्वप्न लिहिले. त्या स्वप्नात गावच्या महापौराला ठार मारले जाते. तो मजकूर वर्गात छापला गेला होता. १९३२ च्या अखेरीस विरोधकांनी तो भित्तिपत्रकांवर छापून गावभर लावला आणि शिक्षक मुलांना बिघडवतो असा आरोप केला. फ्रेने साम्यवादी विचारांचे असल्याने वादाला राजकीय रंग चढला. काही पालक त्यांच्या बाजूने उभे राहिले. तरीही १९३३ साली त्यांना सँ-पोलची शाळा सोडावी लागली.

त्यांनी काम मात्र सोडले नाही. पत्नी एलिझ यांच्या साथीने त्यांनी जवळच्याच व्हांस येथे स्वतःची शाळा उभारली. १९३५ साली ती सुरू झाली. स्पेनमधील यादवी युद्धात (१९३६-३९) आसरा शोधत आलेल्या मुलांनाही तिने सामावून घेतले. १९४० साली फ्रेने यांना अटक होऊन छावणीत स्थानबद्ध व्हावे लागले आणि शाळा बंद पडली. युद्धानंतर ती पुन्हा सुरू झाली. १९६६ साली व्हांस येथेच फ्रेने यांचे निधन झाले. ज्या शासनाच्या सेवेत त्यांना स्वस्थपणे काम करता आले नाही, त्याच शासनाने १९९१ साली ही शाळा आपल्याकडे घेतली.

शब्दार्थ

वैगुण्य – उणीव
खिळा – छपाईसाठी वापरले जाणारे धातूचे अक्षर
यादवी – एकाच देशातील लोकांमधील युद्ध
स्थानबद्ध – ठरावीक जागेबाहेर जाण्यास मनाई केलेला

पाठावरील प्रश्न

१. फ्रेने यांच्या शारीरिक दुबळेपणातून त्यांची अध्यापनपद्धती कशी घडली?
२. खिळे जुळवताना मुलांना भाषेविषयी काय शिकायला मिळाले?
३. दूरच्या वाचकामुळे मुलांच्या लेखनात कोणता फरक पडला?
४. मुलाचे स्वप्न जसेच्या तसे छापणे योग्य होते काय? दोन्ही बाजू मांडून तुमचे मत लिहा.

उपक्रम

तुमच्या परिसरातील एखाद्या कारागिराला भेटा. त्याची हत्यारे, कच्चा माल, कामाचे टप्पे आणि अडचणी यांविषयी त्याला विचारा. मिळालेली माहिती दीडशे शब्दांत लिहा आणि दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या मराठी मित्राला किंवा नातेवाइकाला पाठवा. त्याला काय समजले नाही, ते विचारून घ्या आणि लेखन पुन्हा सुधारा.