निदान रेषेपर्यंत आणि परत

सोमवारपासून तू संघाबरोबर सरावाला उतरणार, असं दादाने फोनवर सांगितलं आणि माझी झोप उडाली. निम्मी आनंदाने, निम्मी काळजीने. लिगामेंटच्या ऑपरेशनला दहा महिने झाले, डॉक्टरांनी होकार दिला, फिजिओने एका पायावरच्या उड्या टेपने मोजल्या आणि दोन्ही पाय जवळजवळ बरोबरीला आले म्हणून सांगितलं. एवढं सगळं झालंय म्हणून मी गप्प आहे, नाहीतर दारात आडवी पडले असते. नऊ महिन्यांच्या आत खेळायला उतरणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका फार असतो. आणि नुसते महिने भरून चालत नाही, दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या किमान नव्वद टक्के यावी लागते. तुझी आली आहे. आता पुढचं ऐक.

माझी गोष्ट तू अर्धीच ऐकली आहेस. १९८४ साली, लालबागच्या तांबड्या मातीत, चढाईहून परतताना माझ्या उजव्या गुडघ्यात कट्‌कन आवाज झाला. त्या रात्री गुडघा नारळाएवढा झाला. आंबेहळदीचा लेप लावला, पट्टी बांधली, पंधरा दिवसांत सूज उतरली आणि मला वाटलं, बरी झाले. सहाव्या आठवड्यात उपांत्य सामना होता. कोणी जबरदस्ती केली नाही गं, मीच हट्टाने उतरले. तीन चढाया छान झाल्या. चौथीला मध्यरेषेकडे वळले आणि पाय खालून निघूनच गेला. मला कोणी हातही लावला नव्हता. त्यानंतर मी चढाई केली नाही. सूज उतरली म्हणजे आतलं जुळलं असं नाही, हे सांगणारं तेव्हा माझ्याजवळ कोणी नव्हतं.

म्हणून रोज सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी पाय सरळ ठेवून वाटीच्या बरोबर मधून टेप फिरव आणि आकडा वहीत लिही. चार दिवसांत तुझा नेहमीचा आकडा कळेल. एखाद्या सकाळी तो सेंटिमीटरभर वाढलेला दिसला, तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समज. त्या दिवशी पकड नाही, चढाई नाही, फिजिओला फोन. मांडी भरून आली तर घाबरू नकोस, ती कामाची दुखणी. सांध्याच्या आत दुखलं तर मात्र कोणासाठी थांबू नकोस, बाहेर ये.

आता दमाचं. पाय परत आले तरी दम परत यायला वेळ लागतो. तीस सेकंदांची चढाई म्हणजे तीस सेकंद एका श्वासात कबड्डी कबड्डी, आणि तेही हलत्या पायांनी. घरी घड्याळ लावून जिन्यात चढ-उतार करताना दम घे. वीस सेकंदांना आवाज फुटायला लागला, तर मॅटवरही तुझी चढाई वीस सेकंदांचीच. दम संपत आला की घाई होते, घाईत पाऊल चुकतं आणि चुकलेल्या पावलाचं ओझं गुडघ्यावर येतं.

आम्ही मातीत अनवाणी खेळलो. माती पायाला थोडं सरकू देते. मॅट तुझ्या बुटाला धरून ठेवतो, म्हणजे पाऊल तिथेच आणि शरीर वळलेलं, मधल्यामध्ये पिळला जातो तो गुडघा. त्यामुळे वळताना एक लांब टांग टाकू नकोस, तीन बारकी पावलं टाक, चवड्यांवर, गुडघे वाकलेले. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहतोय का ते मैत्रिणीला समोर बसून बघायला सांग. आत झुकला की तिने ओरडायचं.

पहिल्या आठवड्यात गुण आणायचे नाहीत. मध्यरेषेपासून निदान रेषा तीन मीटर. तिथपर्यंत जायचं, पाऊल पलीकडे टेकवायचं, परत यायचं. रिकामी चढाई, पण नियमाने पूर्ण. पहिले दोन दिवस समोर कोणी नको. मग साखळी उभी राहू दे, पण हात न लावता. बोनस रेषा आणखी एक मीटर पुढे, आणि तिथे तुझा पाय लांब पसरलेला असतो, कोपरा नेमका त्याच पायाची वाट बघत असतो. तुझी हौस मला माहीत आहे. बोनस तिसऱ्या आठवड्याआधी नाही.

आणि पकड. खरी भीती तिथे बसलेली असते. तुझा गुडघा आता चांगला आहे, पण कोणीतरी घोट्याकडे झेपावलं की तू तो पाय आधीच मागे घेशील, अंग दुसऱ्या पायावर टाकशील आणि चांगला पाय घालवून बसशील. असं पुष्कळ मुलींचं होतं. तुझ्या मैत्रिणी काळजीने तुला धरणारच नाहीत, नुसत्या शिवतील, आणि तुला बरं वाटेल. तसं होऊ देऊ नकोस. पकड तू स्वतःहून मागून घे.

कशी, ते सांगते. संघातली जी सर्वांत शांत हाताची कोपऱ्याची खेळाडू असेल तिला बाजूला घे. झटका मारणारी नको, धरून ठेवणारी हवी. आधी उभ्या जागी, चांगल्या पायाची मांडी तिने धरायची, तुम्ही दोघींनी मिळून हळूच खाली जायचं. मग दुखऱ्या पायाची. मग चालत्या चढाईत, कधी धरणार ते सांगून. सगळ्यात शेवटी न सांगता. खाली जाताना पाय रोवून ठेवायचा नाही. पाय हलका सोडायचा, कुल्ल्यावर आणि कुशीवर पडायचं. धरलेला पाय मॅटवर रोवून मध्यरेषेकडे ओढाताण करणं, तिथेच गुडघे जातात.

त्यासाठी सरावात दम सोडायला शीक. मला ठाऊक आहे, चढाई करणाऱ्या मुलीला हे मरणाहून वाईट वाटतं. मीही रेषेला बोट लागेपर्यंत दम सोडत नसे. पण आपल्या खेळाने तुला एक सोय दिली आहे, ती दुसऱ्या कुठल्या खेळात नाही: तुझा आवाज सतत चालू असतो. सगळ्यांना आधीच सांगून ठेव की माझी कबड्डी थांबली की हात सोडायचे, त्याच क्षणी. पाय अंगाखाली अडकला असं वाटलं की आवाज बंद कर. ओरडावं लागत नाही, हात वर करावा लागत नाही. दोन-तीनदा असं झालं आणि त्यांनी खरंच सोडलं, की तुझं अंग आपोआप सैल पडायला लागेल. सामन्यात लढायचं ते लढ, पण ते नंतर.

तुझ्या जागेवर आता ती धाकटी मुलगी खेळते आहे, हे मला कळलंय. पोटात कालवेल. कालवू दे. मैदानात सात, बाकावर पाच, आणि त्या पाचांतली एक होऊन तू प्रशिक्षकांना स्वतः जाऊन सांग, ‘सर, सराव सामन्यात शेवटची पाच मिनिटं द्या.’ बाकी वेळ त्या मुलीच्या चढाया बघ. समोरचा कोपरा कधी पुढे येतो ते तुला बाहेरून जास्त दिसेल, ते तिला सांग. दहा महिने तू त्यांच्यात नव्हतीस. त्यांच्या हाका बदलल्यात, साखळी कोणाच्या खुणेने निघते ते बदललंय. ते शिकायला तुला हे दिवस लागणारच आहेत.

अभिलाषा म्हात्रेचं नाव तुला मी काय सांगू, तुझ्या खोलीत फोटोच आहे. गुडघ्याच्या मोठ्या दुखापतीतून ती परतली, २०१४ ला इंचॉनच्या आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णपदकाच्या संघात खेळली, पुढे अर्जुन पुरस्कार मिळवला. फोटोत पदक दिसतं, त्याआधीचे व्यायामाचे महिने दिसत नाहीत. तुझे तसे महिने अजून सरलेले नाहीत. मांडीचे आणि पोटऱ्यांचे व्यायाम संघाचा सराव सुरू झाला म्हणून सोडू नकोस, मुली हमखास इथेच ढिल्या पडतात.

रविवारी जेवायला ये. शिवणाचा टेप मशीनच्या खणात आहे, तो तुला देते. नवा आणू नकोस, रोज एकाच टेपने मोजायचं.